घोड्यापुढं

ट्रेलरच्या पुढच्या भागाला इथं घोडा म्हणतात.
पहिल्या दिवशी मला हसूच आलं.
एकोणीस हंगाम मी घोड्यापुढं चाललोय,
लाल कोट, सोनेरी झालर, तोंडात क्लॅरोनेट.
आता घोडा निळा आहे, दहा चाकांचा,
आणि तीन पायऱ्या चढून मी त्याच्या डोक्यात बसतो.

जालन्याबाहेर, मंठा रोडला,
सळईच्या कारखान्यांच्या धुराखाली मैदान.
काळ्या मातीवर मुरूम, मुरमावर फक्कीच्या रेषा,
रेषांच्या टोकाला जुने टायर.
त्यातल्या एकात कुत्री व्यालीय,
म्हणून तो कुणी हलवायचा नाही,
लतीफ उस्तादचा हुकूम.
रेष चुकली तर चालंल, तो टायर चुकवा.

उस्ताद लगेच किल्ली देत नाही.
हातात लोखंडी पाना देतो,
"एकेकाला ठोक. आवाज आईक."
अठरा टायर.
सतरा टणक बोलले, आतला एक बद्द.
मी बोट ठेवलं.
"कान कुठनं आणला रे, पिपाणी?"
म्हणलं, लग्नांतनं.
डीजे आला, लग्नं गेली. कान राहिला.

मग हवा.
इंजिन धडधडतं, काटा खाली,
गाडी ठार दगड.
चार. पाच. सहा.
आठाला कुठं सुस्कारा टाकून ब्रेक मोकळा होतो.
"लोकाला वाटतं, हवा गेली की गाडी पळत सुटती.
उलटं हाय. हवा गेली की ही जागेवर बसती."
मी नुसती मान हलवली.
परतूरच्या वरातीत, कडव्याच्या मध्येच
माझा दम गेला होता, मी ओट्यावर बसलो होतो.
वरात थांबली नाही.

"पुढं तर कुणीबी नेतंय," उस्ताद म्हणतो,
"माणूस कळतो मागं घेताना."
ट्रॉली डावीकडं जायला पाहिजे
तर स्टेअरिंग उजवीकडं.
मी डावीकडं.
घोडा वळून ट्रॉलीकडंच बघायला लागला,
अडकित्ता मिटत आला, आत सुपारीसारखा मी.
तीनदा असंच.
खाली पोरं फिदीफिदी.

पद्मिन केंद्रे हसली नाही.
बापाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून
तिनं कारखान्याला ऊस नेलेला.
पाटीवर चढून खिडकीतनं म्हणाली,
"भाऊ, भांडू नका तिच्याशी.
थोडं द्यायचं. मंग वाट बघायची."

आणि मला एकदम आठवलं,
नवरदेवाची आई म्हणायची, इकडं तोंड करून वाजवा,
मग आख्खी गल्ली मी उलटा चालायचो.
शेण, नाली, मांडवाचे दोर,
एकदाही पडलो नाही.
माझ्या पाठीमागं गेनू ढोलवाला असायचा,
त्याची टिपरी जरा अडखळली
की समजायचं, पायाखाली काहीतरी आहे.

मी काच खाली केली.
आरशात निम्मंच दिसतं,
पण मुरूम बोलत होता.
डाव्या चाकाखाली भरडा, उजव्या चाकाखाली बारीक,
मग फक्कीवर अचानक मऊ.
थोडं दिलं. वाट बघितली.
थोडं परत घेतलं.
चाळीस फूट लोखंड
म्हशीसारखं सावकाश मागं सरलं
आणि पिल्लांच्या टायरापासून हातभर अलीकडं उभं राहिलं.
कुत्रीनं डोकं वर केलं, खाली ठेवलं.

उस्ताद तंबाखू मळत होता.
"परत," म्हणाला.

परत घेतली. वाकडी गेली.
परत. बरी.
परत.

फी भरायला कोट विकलाय, क्लॅरोनेट नाही.
ते सीटमागं टॉवेलात असतं,
इंजिनच्या हादऱ्यानं त्याच्या चाव्या
आपल्याआपण किणकिणतात.

दिवे लागणीला ब्रेक ओढला.
हवा सुटली, एकच लांब सूर,
कालच्यापेक्षा जरासा उतरलेला.
उद्या उस्तादला सांगितलं पाहिजे,
कुठंतरी बारीक गळती आहे.